जुन्नर–आंबेगाव परिसरातील गोधडी

गोधडी हे जुन्या सुती कपड्यांचे थर एकावर एक अंथरून, हाताने धावदोरा घालून शिवलेले पांघरूण होय. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत, महाराष्ट्राच्या इतर ग्रामीण भागांप्रमाणेच, गोधडी घरातील स्त्रिया घरच्यासाठी शिवत आल्या आहेत. तिच्यासाठी नवे कापड विकत घेतले जात नाही. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, आईची साडी, मुलांचे विटलेले सदरे हाच तिचा कच्चा माल. त्यामुळे गोधडी एकाच वेळी थंडीवरचा उपाय, काटकसरीचे साधन आणि घरातील माणसांच्या वस्त्रांचा संग्रह ठरते. बाळंतपण, लेकीची पाठवणी आणि घरातील वृद्धांची सोय या प्रसंगांशी ती भेट म्हणून जोडलेली आहे.

नाव व प्रकार

‘गोधडी’ या शब्दाला हिंदीतील ‘गुदडी’ व गुजरातीतील ‘गोदडी’ हे शब्द जवळचे आहेत. पश्चिम व दक्षिण महाराष्ट्रात ‘वाकळ’ हा शब्द तितकाच रूढ आहे. काही भागांत ‘लेपडे’ असेही म्हणतात. थरांची संख्या, आकार व उपयोग यांवरून पुढील नावे वापरली जातात.

दुपटे : दोन थरांचे, लहान आकाराचे व मऊ पांघरूण. तान्ह्या बाळाला गुंडाळण्यासाठी किंवा त्याच्याखाली अंथरण्यासाठी ते वापरतात.

चौघडी : चार पदरांचे, मोठ्या माणसाच्या अंगभर होईल असे पांघरूण.

वाकळ : अनेक थरांची जाड व जड गोधडी. ती पांघरण्याइतकीच अंथरण्यासाठीही वापरली जाते.

पासोडी : जाड, दुपदरी पांघरुणासाठीचा जुना मराठी शब्द. आज तो बोलण्यात क्वचितच येतो, परंतु जुन्या साहित्यात आढळतो.

गोधडी व घोंगडी या नावांत उच्चारसाम्य असले तरी दोन्ही वस्तू भिन्न आहेत. घोंगडी मेंढीच्या लोकरीची असून मागावर विणली जाते. गोधडी सुती असून सुईने शिवली जाते. घोंगडी पावसाचे पाणी काही काळ अडवते, म्हणून ती मेंढपाळ व शेतकऱ्यांच्या खांद्यावर असते. गोधडी भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही, म्हणून ती घरातच वापरली जाते. रजई व गादी यांत पिंजलेला कापूस भरलेला असतो आणि त्यासाठी पिंजाऱ्याची गरज पडते. गोधडीत कापूस भरत नाहीत. तिच्यात कापडच कापडाला आधार देते.

परिसर व हवामान

जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यावर व उतारांवर आहे. नाणेघाट, माळशेज घाट आणि आहुपे घाट याच भागात येतात. भीमाशंकर अभयारण्याचा काही भाग आंबेगाव तालुक्यात आहे. येथे महादेव कोळी व ठाकर या आदिवासी समाजांची वस्ती असून भात, नाचणी व वरई ही पिके आणि हिरड्यासारखे वनोपज यांवर त्यांचा निर्वाह चालत आला आहे. पूर्वेकडे घोडेगाव, मंचर, नारायणगाव, आळे या बाजूस पाऊस झपाट्याने कमी होत जातो. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज, येडगाव व डिंभे या धरणांमुळे हा पूर्व भाग आज बागायती झाला आहे.

हवामानाच्या या फरकाचा पांघरुणाशी थेट संबंध आहे. पश्चिम भागात पावसाळ्यात अनेक दिवस ऊन पडत नाही. हवा दमट असते आणि कपडे चुलीच्या धगीवर वाळवावे लागतात. पावसात भातलावणी करताना इरले किंवा घोंगडी डोक्यावर असते. गोधडी मात्र घरात कोरडी ठेवावी लागते. हिवाळ्यात दोन्ही तालुक्यांतील नदीखोऱ्यांत रात्री चांगलीच थंडी पडते. त्यामुळे घरात माणशी किमान एक पांघरूण आणि पाहुण्यांसाठी एखादे जास्तीचे असावे लागते. ही गरज बाजारातून भागवणे पूर्वी बहुतेक कुटुंबांना परवडणारे नव्हते. ती घरातल्या जुनेऱ्यातून भागवली जाई.

कापडाचा प्रवास

गोधडीचे मोजमाप पुष्कळ अंशी नऊवारी लुगड्यावरून ठरलेले दिसते. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. एवढ्या लांबीच्या चार सारख्या घड्या घातल्या की प्रत्येक पदर साधारण दोन मीटरचा होतो, म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीहून थोडा अधिक. लुगड्याचा पन्हा एका माणसाच्या पांघरुणाला पुरेसा असतो. म्हणून एका जुन्या लुगड्यातून, फारसे न कापता, एक चौघडी तयार होऊ शकते. सहावारी साडी सुमारे ५.५ मीटर असते; तिचे तीनच पदर निघतात आणि तेही काहीसे आखूड. म्हणून सहावारी साडीसोबत दुसरे कापड जोडावे लागते.

लुगडे थेट गोधडीत जात नाही. नवे असताना ते सणावाराला नेसले जाते, मग रोजच्या वापरात येते. मधोमध विरले की त्याचे दोन तुकडे करून धडपे काढतात. त्यांचा उपयोग परकर, टापशी किंवा गाळणे म्हणून होतो. त्यानंतर जे उरते ते गोधडीसाठी गाठोड्यात बांधून ठेवतात. या अवस्थेला येईपर्यंत कापड असंख्य वेळा धुतले गेल्याने त्यातील खळ निघून गेलेली असते आणि सूत मऊ झालेले असते. गोधडीचा मऊपणा हा या झिजेतून आलेला असतो. नव्या कापडात तो आणता येत नाही. जुन्या कपड्यांना दुसरी वाटही होती. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण गावोगाव फिरत असे. कोणते कापड बोहारणीला द्यायचे आणि कोणते गाठोड्यात ठेवायचे, हा निर्णय घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचा असे.

विसाव्या शतकात या भागातील कापडाचा संबंध मुंबईशीही जुळला. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतून अनेक पुरुष मुंबईच्या कापडगिरण्यांत, गोद्यांत व डबे पोहोचवण्याच्या कामाला जात. आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळ येथे १९०८ साली जन्मलेले बाबू गेनू सैद हे असेच गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापड घेऊन निघालेला ट्रक अडवताना त्याखाली सापडून ते हुतात्मा झाले. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. या जलाशयात मूळ आंबेगाव हे गाव बुडाले. तालुक्याचे नाव मात्र तेच राहिले असून मुख्यालय घोडेगाव येथे आहे.

मुंबईला जाणाऱ्या माणसाच्या वळकटीत घरची गोधडी असे आणि परत येताना तो गिरणीचे कापड आणत असे. तेच कापड काही वर्षांनी पुन्हा गोधडीत जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईतील गिरण्या बंद पडत गेल्या आणि हा क्रम मोडला.

शिवण्याची पद्धत

काळ व जागा : गोधडी शिवण्याचे काम बहुधा उन्हाळ्यात निघते. रब्बीची सुगी आटोपलेली असते, दिवस मोठा असतो आणि पावसाळ्यापूर्वी पांघरुणे तयार करावयाची असतात. दुपारच्या वेळी ओसरीवर, पडवीत किंवा झाडाच्या सावलीत, सारवलेल्या जमिनीवर हे काम चालते. शेजारणी एकमेकींच्या गोधडीला हात लावतात. एकीची झाली की दुसरीची घेतात.

साहित्य : जाड व लांब सुई, पक्का सुती दोरा आणि कात्री एवढेच साहित्य लागते. दोरा विकत आणण्याऐवजी जुन्या लुगड्याच्या काठातील सूत काढून व त्याला पीळ देऊन वापरण्याची रीतही होती. कोपरे हलू नयेत म्हणून त्यांवर पाटा, वरवंटा किंवा दगड ठेवतात.

थर लावणे : सर्व कापड आधी धुऊन वाळवतात. सर्वांत खाली टिकाऊ व सलग कापड अंथरतात. यालाच अस्तर म्हणतात. त्यावर विरलेल्या व फाटलेल्या कापडाचे तुकडे मांडतात. तुकड्यांच्या कडा एकमेकींवर जेमतेम येतील, पण उंचवटा होणार नाही, हे पाहावे लागते. नाहीतर निजताना तो उंचवटा अंगाला टोचतो. सर्वांत वर पुन्हा चांगले कापड येते. ते सलग नसेल तर वेगवेगळ्या रंगांचे चौकोन व पट्ट्या जोडून वरचा थर करतात. लुगड्याचे काठ बहुधा चारही बाजूंनी लावतात, कारण काठ मजबूत असतो आणि त्याने गोधडीला चौकट मिळते.

टाचणे : थर सारखे करून त्यांवरून हात फिरवतात आणि सुरकुत्या काढतात. मग मोठमोठे कच्चे टाके घालून सगळे थर एकत्र टाचून घेतात. कडा आत दुमडतात किंवा त्यांना वेगळ्या कापडाची मगजी लावतात.

धावदोरा : मुख्य शिवण कडेपासून सुरू होते. कडेला समांतर, चारही बाजूंनी फेरा घेत, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या आत बोटभर अंतरावर घालत शिवणारी स्त्री मध्याकडे सरकत जाते. पूर्ण झालेल्या गोधडीवर एकात एक बसवलेल्या चौकोनांसारखी नक्षी उमटते. काही ठिकाणी फेऱ्यांऐवजी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओळी घालतात. सुई एकदा आत घातली की तिच्यावर चार-पाच टाके भरून मगच दोरा ओढतात. त्यामुळे टाके सारखे येतात व वेळ वाचतो. दोरा फार ओढला तर गोधडी आक्रसते, सैल सोडला तर थर सरकतात. दोऱ्याची गाठ नेहमी दोन थरांच्या मध्ये लपवतात. दोघी-तिघी शिवत असतील तर प्रत्येकीची बाजू ठरलेली असते. टाक्यांच्या लांबीवरून कोणती बाजू कोणी शिवली हे जाणत्या स्त्रीला ओळखता येते.

दुरुस्ती : वापराने वरचा थर फाटला की त्यावर ठिगळ लावतात किंवा संपूर्ण नवा थर चढवून पुन्हा धावदोरा घालतात. अशा गोधडीत जुनी गोधडीच नव्या गोधडीचे पोट बनते. त्यामुळे काही गोधड्यांच्या आतल्या थरांचे वय घरातील हयात माणसांपेक्षाही जास्त असते.

ऊब टिकण्याचे कारण

गोधडी स्वतः उष्णता निर्माण करत नाही. तिच्या थरांमध्ये अडकलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. धावदोऱ्यामुळे ही हवा लहान कप्प्यांत विभागली जाते व थर एका बाजूला गोळा होत नाहीत. हेच तत्त्व लोकरीच्या विणकामातही दिसते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलँड बेटांवरील आणि रशियातील ओरेनबर्ग येथील जाळीदार शाली इतक्या तलम असतात की त्या अंगठीतून ओवता येतात. तरीही सुईवर विणलेल्या त्यांच्या जाळीत हवा धरली जात असल्याने त्या उबदार असतात.  मात्र लोकर ओलसर हवेतही ऊब देते, तर ओले सुती कापड थंड पडते. म्हणून गोधडी कोरडी ठेवणे आवश्यक असते.

भेट म्हणून गोधडी

गोधडी विकत देण्याघेण्याची वस्तू नव्हती. ती नात्यातून दिली जाई. तिच्या देण्याचे तीन प्रसंग ठळक आहेत.

बाळासाठी : पहिले बाळंतपण माहेरी होत असल्याने बाळाची दुपटी व कुंची आईची आई तयार करते. यासाठी आजीचे किंवा पणजीचे मऊ झालेले लुगडे निवडतात. नवे कापड बाळाच्या त्वचेला टोचते, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. घरातील वडील स्त्रीचे वस्त्र बाळाच्या अंगाला लागावे, ही भावनाही त्यासोबत असते.

लेकीसाठी : सासरी जाणाऱ्या मुलीच्या सामानात भांड्यांबरोबर अंथरूण-पांघरूण देण्याची रीत आहे. त्यात आईने शिवलेली गोधडी असली की तिच्या वरच्या थरात माहेरच्या माणसांचे कपडे असतात.

आजी-आजोबांसाठी : वय वाढले की थंडी अधिक लागते, पण जड पांघरूण पेलवत नाही. म्हणून वृद्धांसाठी शिवलेली गोधडी वेगळ्या बेताची असते. तिचे थर दोन किंवा तीन असतात, कापड सर्वांत मऊ निवडतात, गाठी व जाड जोड टाळतात. लांबी पायांखाली दुमडता येईल इतकी ठेवतात, तर रुंदी उठता-बसताना पायात अडकणार नाही इतकीच. ज्या आजीने आयुष्यभर इतरांच्या गोधड्या शिवल्या, तिची दृष्टी मंदावल्यावर तिच्यासाठी सुना, लेकी किंवा नाती गोधडी शिवतात. अशा वेळी सुईत दोरा ओवून देणे हे घरातील लहान मुलांचे काम असते आणि बहुधा तेथूनच त्यांच्या शिकण्यास सुरुवात होते. काम तरुण हातांचे असले तरी कापडाची निवड व थरांचा क्रम आजीच सांगते. या भेटीतून कौशल्याचे हस्तांतर होते, हे तिचे महत्त्व आहे.

मृत व्यक्तीच्या वस्त्रांबाबत सर्वत्र एकच रीत नाही. काही घरांत ती वस्त्रे दान करतात व पांघरुणात वापरत नाहीत. काही घरांत आजीची लुगडी लेकी-सुनांमध्ये आठवण म्हणून वाटली जातात आणि पुढे त्यांचीच गोधडी होते.

निगा

घटस्थापनेपूर्वी घराची साफसफाई करताना सर्व अंथरूण-पांघरूण धुण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. पावसाळा सरत आलेला असतो व नद्या-ओढ्यांना पाणी असते. भिजलेली वाकळ एकट्या माणसाला उचलत नाही. ती दोघींनी पिळावी लागते. धुतलेल्या गोधड्या खडकावर किंवा कुंपणावर वाळत घालतात. एरवी दर काही दिवसांनी त्यांना कडक ऊन देतात. साठवणीच्या गोधड्यांच्या घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवतात, त्याने कसर लागत नाही. घड्या अधूनमधून बदलल्या तर कापड एकाच रेषेवर विरत नाही.

संतपरंपरा व साहित्य

ठिगळांचे वस्त्र हे भारतीय परंपरेत वैराग्याचे चिन्ह मानले गेले आहे. संस्कृतमधील ‘कंथा’ या शब्दाचा अर्थ चिंध्या जोडून केलेले वस्त्र असा असून जोगी व गोसावी यांच्या वेषात त्याचा समावेश होतो. संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी ‘पंचीकरण’ या विषयावरील रचना लांबलचक कापडावर लिहिली. ती ‘दासोपंतांची पासोडी’ म्हणून प्रसिद्ध असून बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईशी निगडित आहे. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांच्या अंगावरील चिंध्यांचे वस्त्र हीच त्यांची ओळख बनली होती. आधुनिक मराठी कवितेत डॉ. कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता परिचित आहे. महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी इंग्रजीत सचित्र पुस्तक लिहिले आहे.

इतर प्रदेशांतील समान परंपरा

जुने कापड थरांनी शिवण्याची परंपरा भारतीय उपखंडात दूरवर पसरली आहे. बंगालमध्ये ‘कांथा’, बिहारमध्ये ‘सुजनी’, सिंध व राजस्थानात ‘रल्ली’ आणि उत्तर कर्नाटकात ‘कौदी’ ही तिची रूपे आहेत. कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या ‘कवंद’ या गोधडीच्या चारही कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाचे त्रिकोणी घड्यांचे तुकडे लावतात. कांथा व सुजनीत धावदोऱ्यानेच माणसे, पशुपक्षी व प्रसंग चितारले जातात. महाराष्ट्रातील गोधडीत असे चित्रण सहसा नसते. तिचे सौंदर्य कापडांच्या रंगसंगतीत व टाक्यांच्या नियमितपणात असते. चित्रांमुळे कांथा व सुजनी यांना शहरी बाजारपेठ लवकर मिळाली. साध्या गोधडीकडे मात्र दीर्घकाळ केवळ गरिबाघरचे पांघरूण म्हणून पाहिले गेले.

सद्यस्थिती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम धाग्याच्या साड्यांचा वापर वाढला. या साड्या स्वस्त, टिकाऊ व लवकर वाळणाऱ्या असल्याने कष्टकरी स्त्रियांच्या त्या सोयीच्या ठरल्या. परंतु गोधडीसाठी त्या गैरसोयीच्या आहेत. त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषला जात नाही आणि ठिणगी पडल्यास कापड वितळते. नऊवारी लुगडे रोज नेसणाऱ्या स्त्रियांची पिढी कमी होत असल्याने मऊ सुती कापडाचा पुरवठाच आटत चालला आहे. म्हणून गोधडीपुढील अडचण केवळ शिवणाऱ्या हातांची नाही. तिच्या कच्च्या मालाचीही आहे. यंत्रमागावरील चादरी व कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट आठवडे बाजारातही सहज मिळतात.

दुसरीकडे शहरांत हाताने शिवलेल्या गोधडीला मागणी निर्माण झाली आहे. आजीच्या किंवा आईच्या साड्या देऊन त्यांची गोधडी शिवून घेणारे ग्राहक वाढले आहेत. महिला बचत गट व वैयक्तिक कारागीर अशी कामे घेतात. शिवणयंत्रावरील गोधडी कमी वेळात व कमी खर्चात होते, पण यंत्राची घट्ट शिवण थर दाबून टाकते, त्यामुळे ती हातशिवणीच्या गोधडीइतकी मऊ पडत नाही. हातशिवणीला अनेक दिवस लागतात. पूर्वी हा वेळ घरकामाचा भाग मानला गेल्याने त्याची किंमत कधी मोजलीच गेली नाही. आज विक्रीसाठी दर ठरवताना कापड ग्राहकाचेच असल्याने सारा प्रश्न या वेळेच्या मोबदल्याचा उरतो. योग्य मजुरी लावली तर गोधडी महाग वाटते आणि न लावली तर कारागीर स्त्रीला ते काम परवडत नाही.

जुन्या गोधड्यांची नोंद ठेवण्याचे काम बहुतांशी घराघरांवरच अवलंबून आहे. गोधडीवर शिवणारीचे नाव वा साल घालण्याची पद्धत नसल्याने तिच्यातील कोणते कापड कोणाचे, ही माहिती तोंडी परंपरेतच राहते आणि सांगणारी व्यक्ती गेली की नाहीशी होते. गोधडीचे छायाचित्र, तिचे मोजमाप, थरांची संख्या, शिवणाऱ्या स्त्रीचे नाव आणि ओळखता येणाऱ्या कापडांची माहिती एकत्र लिहून ठेवल्यास स्थानिक इतिहासाच्या अभ्यासासाठी ते उपयुक्त साधन ठरू शकते.

हेही पाहा

घोंगडी
कांथा
नऊवारी साडी
बाबू गेनू
जुन्नर तालुका
आंबेगाव तालुका